दगडी पात्याची चमक

"ही हत्यारं कुणी बनवली?" अमीनसाहेबांनी विचारलं. अमीन म्हणजे निजामाच्या राज्यातला फौजदार.

"मी," मी म्हणालो. "पण सगळी न्हाईत. काही लई जुनी आहेत."

कळंबजवळ मांजरा नदीच्या काठावर आमचा कॅम्प होता. मी पुराणवस्तू खात्यात असिस्टंट, आणि माझे साहेब हैदराबादेहून आलेले. लोखंड ठाऊक नव्हतं त्या काळातली गारगोटीची पाती आम्हाला तिथं सापडली होती. बोटाएवढी. काहींच्या धारेवर चमक होती. ही चमक कशानं आली, एवढंच आम्हाला शोधायचं होतं. हत्यार ज्या कामाला वापरावं, त्या कामाची खूण त्याच्या धारेवर राहते. कातड्याची वेगळी, लाकडाची वेगळी.

साहेबांचं मत कातड्याचं. "हे शिकारी लोक होते," ते सांगायचे. गवत कापणारे पूर्वज त्यांना पसंत नव्हते.

ताडून बघायला मी गारगोट्या फोडून नवी पाती काढली. काही बकऱ्याच्या कातड्यावर चालवली, काही गवताऐवजी कडब्यावर. कडब्याच्या पात्यांवर मागच्या बाजूला शाईनं 'क' लिहिला. कातड्याच्या वासानं गावची कुत्री माझ्या मागं फिरू लागली. सरकारी माणसं नदीकाठी हत्यारं बनवतात, ही खबरही गावभर फिरली. म्हणून अमीनसाहेब आले होते.

त्यांनी जुनी-नवी सगळी पाती एका चादरीवर ओतली. "यातलं जुनं कोणतं ते दाखवा. न्हाय तर दोघं चौकीत चला."

साहेबांनी भिंग घेतलं. एकेक धार पाहिली आणि एक पातं उचललं. "हे घ्या. हजारो वर्षांपूर्वीचं. अशी चमक आज कुणाला आणता येणार नाही."

त्यांच्या अंगठ्याखाली मला शाई दिसली. मी हळूच म्हणालो, "साहेब, जरा पालथं करून बघा."

त्यांनी पालथं केलं. 'क' होता.

साहेबांनी ते परत भिंगाखाली धरलं. मग त्यांचा चेहरा फुलला. "म्हणजे जुन्या पात्याची चमक हुबेहूब कडब्याच्या पात्यासारखी आहे. मलासुद्धा फरक कळला नाही. ती माणसं गवतच कापत होती. मी साफ चुकलो होतो."

"म्हणजे हे पातं नवं आहे?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"बिलकूल नवं," साहेब आनंदानं म्हणाले.

आम्ही चौकीत गेलो. तहसीलदार आमची ओळख पटवायला येईपर्यंत अमीनसाहेबांनी त्यांच्या घोड्याचा कडबा आमच्यापुढं टाकला. "ह्या पात्यांनी कापून दाखवा. खोटं असलं तर कळंलच." साहेब घाम गाळत कापत बसले. आम्ही कापत होतो त्यापेक्षा वेगानं घोडा खात होता. मधेच साहेब थांबायचे, भिंगातून धार बघायचे आणि मला म्हणायचे, "आली बरं का चमक."

संध्याकाळी सुटलो. साहेबांच्या रिपोर्टमध्ये शिकाऱ्यांच्या जागी गवत कापणारे आले. घोड्याचा उल्लेख मात्र त्यांनी टाळला.

आमच्या धंद्यात स्वतःची चूक सापडली की आनंद होतो. तो पोलिसांसमोर दाखवू नये.