मोटारीतलं दही

आधीच सांगते, अंगात येणं, चकवा, हडळ असलं काही ऐकलं की मला हसू आवरत नाही. तोंडावरच हसते, त्यामुळे भावकीतल्या निम्म्या बायका माझ्याशी बोलत नाहीत... अशा बाईवर अद्भुत अनुभवांच्या या सदरात लिहायची वेळ यावी याचं माझं मलाच नवल वाटतंय. पण झालं ते झालं – आणि ते माझ्याच बाबतीत झालं.

तेव्हा कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं आणि मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. माझं सासर हातकणंगल्याला, माहेर कसबा बावड्यात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्या महिन्यात आबा, म्हणजे माझे वडील, मला न्यायला आले. दारातून स्टेशन दिसत होतं, पण आबांचं आपलं एकच – "आगगाडीचं धक्कं पोटुशीला सोसत न्हाईत. बैलगाडीसारखं सुख न्हाई." त्यांच्यापुढे मी काय बोलणार?

सासूबाईंनी गाडीत कडबा पसरून वर वाकळ अंथरली आणि माझ्या मांडीवर एक मडकं ठेवलं. कोमट दुधाला विरजण लावलेलं. "बावड्यात पोचंस्तवर दही लागंल. धक्का लावू नगंस." बैलगाडीत! पण मी ते दोन्ही हातांनी धरून बसले.

शिरोलीच्या अलीकडे, भर दुपारी, समोरून मोटार आली. टप चढवलेला, धूळ येऊ नये म्हणून मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना पडदे लावलेले. आबांनी ती बघितली मात्र, हातातला कासरा टाकून खाली उडीच मारली.

"तानू, महाराज आलं गं!"

मोटार म्हटल्यावर ती महाराजांचीच, दुसऱ्या कुणाची असणार? आबांनी रस्त्याकडेला कमरेत वाकून मुजरा घातला. त्यांचा मुजरा साधासुधा नसे, नाक जमिनीला टेकतंय की काय असं वाटायचं.

मोटार होती पेठेतल्या एका व्यापाऱ्याची. आत एकटा हुसेन ड्रायव्हर, तोही नवशिका. ब्रेक सापडेना म्हणून तो नुसता भोंपू वाजवत सुटला. मोकळे बैल बिथरून आडवे फिरले... धाडकन आवाज झाला. त्यापुढचं मला काही आठवत नाही.

डोळे उघडले तर मी मोटारीत, मागच्या सीटवर! खाली वाकळ, व्यवस्थित चौघडी घातलेली. मांडीवर मडकं.

बाहेर आबा टाहो फोडत होते. गाडीचं चाक लागून त्यांचा उजवा हात मनगटात मोडला होता. हुसेन उसात फेकला गेला होता, त्याचं कपाळ फुटलं होतं. तशा अवस्थेत दोघं मला गाडीखाली शोधत होते.

"आबा, मी हितं हाय!" मी मोटारीतून ओरडले. दोघं मोटारीकडे धावले.

दार उघडेना. मोटारीची एक बाजू बाभळीत घट्ट रुतलेली, दुसरीकडे आमची गाडी अडकलेली, पडद्यांची बटणं जशीच्या तशी लावलेली. शेवटी हुसेननं पुढून चढून टप मागं पाडला. आबांनी वरून डोकावून विचारलं, "लागलं काय गं कुटं?"

कुठंच लागलं नव्हतं. पण मी पोटावर हात ठेवला. सकाळपासून लाथा झाडणारं पोर एकदम गप्प होतं.

"हलतंय काय?" आबांनी हळूच विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं. इतकी भ्याले होते की रडूसुद्धा येईना.

"अक्का, थांबा, मान्सं बोलवतो," म्हणत हुसेननं भोंपूचा रबरी गोळा दाबला. भों! आणि पोटात अशी लाथ बसली की मी किंचाळलेच.

"हललं! आबा, हललं!"

"वाजीव, वाजीव रं बाबा!"

भों – लाथ. भों – लाथ. हुसेन रडत भोंपू वाजवतोय, मी पोट धरून हसतेय, आणि आबांनी डाव्या हातानं माझ्या पोटालाच मुजरा घातला. "महाराज तर हितं हायत की!" रानातून धावत आलेल्या लोकांना वाटलं, तिघंही डोक्यावर पडलेत.

त्या लोकांनी मला वरून अलगद उचलून काढलं. मडकं उघडलं तर दही मस्त लागलेलं, एक चीर नाही! ते आम्ही तिथंच सगळ्यांनी मिळून खाल्लं. पुढे बावड्यात मुलगी झाली. घरात तिला सगळे भोंपू म्हणतात. आवाजही तसाच आहे.

आमचे हे म्हणायचे, "धक्क्यानं उडून पडली असशील." बंद पडद्यातून? वाकळीसकट? डॉक्टर म्हणाले, बेशुद्धीत स्वतःच चढला असाल. अहो, तेव्हा मला चुलीपुढून कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नव्हतं!

आबांचा हात वाकडाच बसला, पण मुजरा काही सुटला नाही. मी त्यांना कितीदा तरी विचारलं, "तुम्ही तर समोरच होता. काय दिसलं?"

"मुजऱ्यात मान खाली हुती गं माजी," ते म्हणायचे. "पर मोटारीत महाराज नसलं तरी मुजरा वाया गेला न्हाई. कुणीतरी घेतला की त्यो."

कुणी घेतला, ते मला आजही ठाऊक नाही.