बॉवर शब्दाचा अर्थ

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. नळदुर्गजवळच्या आमच्या गावात हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या आणि अण्णांनी गाव सोडायचं ठरवलं. अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेत इंग्रजी शिकवायचे. थोरली बहीण, आक्का, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. तिचा नवरा निजामाविरुद्धच्या चळवळीत होता, म्हणून कुठंतरी लपून होता. आईनं गाडीत भांडी भरली, तर अण्णांनी एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश. त्यावरून आई दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

हद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला, एका माळावर आमच्यासारख्यांची छावणी होती. चार मेढी रोवून, वर लिंबाचे डहाळे टाकून अण्णांनी आडोसा केला. ऊन असं की पाला दोन दिवसांत वाळून अंगावर गळायचा.

माझी शाळा बुडू नये म्हणून अण्णा तिथंच शिकवत. एका दुपारी धड्यात ‘बॉवर’ हा शब्द आला. मी अर्थ विचारला, तर त्यांनी वर बोट केलं. म्हणाले, पानांची सावली, मांडव. मग शब्दकोश उघडून त्यांनी सांगितलं की हा अर्थ फार नंतरचा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता राहायचं ठिकाण, घर, असा होता. पुढं घरातली आतली खोली, बायकांची. वेलींचा मांडव सगळ्यांत शेवटी. शेजाऱ्याला ‘नेबर’ म्हणतात, त्यातही हाच जुना शब्द आहे: जवळ राहणारा.

आक्का वाकळेवर पडून ऐकत होती. घराचा मांडव कसा झाला, असं तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, ते यात लिहिलेलं नाही.

थोड्या वेळानं ती हळूच बोलली, “अण्णा, मला तेवढी आतली खोली करून द्या. समद्यांदेखत नको.”

अण्णांनी आईची दोन लुगडी तीन बाजूंनी बांधली. त्या आडोशात तिसऱ्या दिवशी आक्काला मुलगा झाला. मग ताप चढला. छावणीतले डॉक्टर एकदा येऊन गोळ्या देऊन गेले. मी ओल्या पदरानं वारा घालत होते. सहाव्या दिवशी सकाळी तिचा श्वास थांबला.

माळावर चितेला लाकूड मिळेना. अण्णांनी आडोशाच्या मेढी उपटल्या. त्या दिवशी आम्ही उघड्या उन्हात बसून होतो. पलीकडच्या आडोशातली एक कानडी बाई आली, तिच्याही कडेवर तान्हं होतं. तिनं बाळ उचललं आणि पाजायला घेतलं. पुढं दोन महिने ती पाजत राहिली.

दाजी पंधरा दिवसांनी पत्ता काढत आले. मुलगा झाल्याचं तेवढं त्यांना कळलं होतं. अण्णांनी त्यांना लांब नेऊन सांगितलं.

निजामाचं राज्य गेल्यावर आम्ही गावी परतलो. भाचा पाच वर्षांचा होईपर्यंत आमच्याकडंच वाढला. मग दाजींनी दुसरं लग्न केलं आणि त्याला न्यायला आले. गाडीतून तो आईला “आई, आई” म्हणून हाका मारत राहिला. आई आत जात्यापाशी बसून होती. ती बाहेर आली नाही.