आंधळे पहारेकरी

मॉरीन ट्रेगिरने ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहराजवळच्या एका तुरुंगात अठ्ठावीस वर्षं पहारा केला होता. निवृत्तीनंतर तिला लपतछपत आत शिरायच्या व्हिडिओ गेमचा नाद लागला. त्यात ती इतकी तरबेज झाली, की मेलबर्नच्या एका छोट्या कंपनीने आपला नवा गेम तपासायला तिला बोलावलं.

पडद्यावर बंदरातलं धुकं हलत होतं, दगडी भिंतींवर मशालींचा उजेड थरथरत होता. शेजारचे खेळाडू वाहवा करत होते. मॉरीनने पिंपामागून येऊन एका पहारेकऱ्याचा गळा आवळला. दुसरा आला, प्रेत ओलांडून गेला आणि म्हणाला, "वारा असेल!" तिने मुद्दाम चार प्रेतांचा ढीग रचला. पाचवा त्याच्याशेजारी उभा राहून जांभई देऊ लागला. तिला किळस आली.

"कशी वाटली दृश्यं?" गेम बनवणाऱ्या डेक्लनने विचारलं.

"दृश्यं काय चाटायचीत? ही माणसं आहेत की खांब?"

"अहो मॉरीन, खेळणाऱ्याला सोपं जावं म्हणून..."

"माझी सोबतीण ड्युटीवर कोसळली, तेव्हा मी दुसऱ्या टोकाहून धावले होते. का? तर तिच्या कमरेच्या किल्ल्यांचा आवाज थांबला म्हणून!"

डेक्लनने मान डोलावली. बदललं काहीच नाही. महिन्याभराने त्याचा फोन आला, "आभारांच्या यादीत तुमचं नाव घालतोय."

"खबरदार! जुन्या सहकाऱ्यांनी वाचलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही मला," असं म्हणून तिने फोन ठेवला.