त्रिकोणवाली बाई

सीडीच्या जुन्या डब्याला अजून कोशाच्या रेशमी धाग्याचा वास येतो. त्यातलीच एक परदेशी वाद्यवृंदाची मैफल पाहायला बाबा विणायचा माग थांबवून माझ्याजवळ बसले होते. इतकी वाद्यं वाजत होती, पण त्यांची नजर मागच्या रांगेत लोखंडी त्रिकोण धरून बसलेल्या बाईवरच.

"तिले काहून वाजवू नाही देऊन राहिले?"

मी हातानंच 'थांबा' म्हटलं. आईनं दोनदा जेवायला हाक मारली, तरी बाबा हलले नाहीत. अखेर बाईनं कांडी उचलली. टिण्‌!

बाबांनी हळूच विचारलं, "वाजलं का?"

"तुमच्यासमोरच तं वाजलं!" मी हसले.

मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान कधीचेच गेले होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मग तासभर ते काय ऐकत होते, हे विचारायचं राहूनच गेलं.