बाईंचा फळा

आमच्या गावातल्या जुन्या शाळेला सगळे इंग्लिश स्कूलच म्हणतात. इंग्रजी तिथं एका तासापुरतंच. इंग्रजांच्या काळात चार घरांनी मिळून ती भाताच्या गोदामात सुरू केली. गोदामाची एक भिंत अजून उभी आहे आणि तिच्यावर सिमेंटचा फळा आहे. बौद्धवाडीतून त्या शाळेत गेलेले पहिले म्हणजे माझे सासरे. बीजगणित ते याच फळ्यासमोर बसून शिकले. पुढे माझी पत्नी त्याच फळ्यावर भूगोल शिकवू लागली.

दर मे महिन्यात दहावीची परीक्षा दिलेली मुलं येऊन तो फळा काळा करत. तिनंच घालून दिलेली रीत. कोळशाची पूड आणि माक्याच्या पाल्याचा रस. पाला वाटायचं काम घरी माझ्याकडे. "पुस्तकं धरणारे हात वर्षातून एकदा तरी काळे व्हावेत," असं म्हणायची.

माघात ती गेली. मे लागल्यावर मुख्याध्यापिकांचा फोन आला. वर्गात प्रोजेक्टरचे पडदे बसणार होते, आणि खोपोलीचा कंत्राटदार जुन्या फळ्यांवर गिलावा चढवणार होता.

"बाईंचा फळा मलाही ठेवायचाय हो. पण त्यावर खडू उमटत नाही. उमटला, तर राहू देते."

मी गेलो. फळ्यापुढे एक मुलगी आणि दोन मुलगे बादली घेऊन उभे होते.

"काका, बाईंचा रस असा पातळ असायचा?" मुलीनं विचारलं.

"पातळ कुठं, पाणीच हाय," एक मुलगा म्हणाला. "हिच्या भूगोलासारखा. शोधलं तरी काय सापडायचं नाय."

"गप रं, तुझंच तोंड रंगवीन."

मी नुसता बघायला आलो होतो. पण बाह्या वर केल्या. पाल्यात पाणी घालायचं नाही, रस रात्रभर मुरू द्यायचा, पूड फडक्यातून गाळून घ्यायची. हे सगळं मला येतं, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फळ्याला रंगाचे दोन हात दिले. फळा वाळायची वाट बघत आम्ही पायरीवर कैऱ्या खाल्ल्या.

मुख्याध्यापिकांनी खडू माझ्यापुढे धरला. माझ्यानं घेववेना. तो मुलीनं घेतला, आणि बाई पहिल्या तासाला काढायच्या तशी पाताळगंगा नदी काढली, खोपोलीच्या डोंगरापासून खाडीपर्यंत. रेघ कुठं तुटली नाही.

"राहू दे हा," मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या.

मुलगी हात झटकत वळली. "पुढच्या साली पाला तुमीच वाटणार ना, काका?"

"पाटा माझा," मी म्हटलं. "वाटायला तुम्ही बसा."