उत्तरेचा पस्ताना

बाबा मलकापूरच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे. हिंदुस्थानातले डोंगर, नद्या, किल्ले त्यांना तोंडपाठ, आणि स्वतः मात्र अकोल्यापलीकडे कधी गेलेले नव्हते. उन्हाळ्याची सुटी जवळ आली की ते बैठकीत नकाशा पसरायचे आणि प्रवासाचा बेत सुरू व्हायचा. आधी दिल्ली, मग आग्रा, हरिद्वार, तिथून काशी, जगन्नाथपुरी आणि सगळ्यात शेवटी रामेश्वर. दर वर्षी त्यात एखादं गाव वाढायचं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, पण वाढायचे काय चवीनं! लहानपणी मी तो भात पोटभर जेवले आहे.

मायला यातलं काही नको होतं. ती देऊळगाव राजाची. लग्न होऊन बैलगाडीतून मलकापूरला आली, ती आलीच. तिला फक्त समुद्र पाहायचा होता. पलीकडचा काठच दिसत नाही एवढं पाणी कुठे असतं, हे तिला पटत नसे. "खरंच दिसत नाही का हो?" असं ती पुन्हा पुन्हा विचारायची. बाबा म्हणायचे, "रामेश्वरला दाखवतो तुला." आता मुंबईची गाडी आमच्या गावावरून रोज जायची. संध्याकाळी बसलं की सकाळी समुद्र. पण मुंबईचा समुद्र बाबांच्या खिजगणतीत नव्हता. देश पाहायचा तर रीतसर पाहायचा, वरून खाली, असं त्यांचं म्हणणं.

माझं लग्न झालं, मी वडनेरला गेले, आणि त्यानंतर मायच्या डोळ्यांचं सुरू झालं. एक डोळा केव्हा गेला ते तिचं तिलाही कळलं नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी दुसरा तपासला आणि स्पष्टच सांगितलं, काचबिंदू आहे, इलाज नाही, फार तर वर्षभर दिसेल. परतीच्या गाडीत माय एवढंच बोलली, "मंग औंदाच पाह्यला पाहिजे समुद्र."

त्या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदा नकाशावरून उठले. जोशांकडून मुहूर्त काढून आणला. पण मुहूर्त आला गुरुवारचा आणि शाळेला सुटी लागायला अजून दोन दिवस होते. अशा वेळी आमच्याकडे पस्ताना ठेवतात. ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे मुहूर्तावर प्रवासाचं गाठोडं ठेवून यायचं, म्हणजे माणूस निघाल्यात जमा. मग सवडीनं ते उचलायचं आणि गाडी गाठायची. बाबांच्या बेतात पहिलं गाव दिल्ली, म्हणून मायचं लुगडं, बाबांचं उपरणं, तांदूळ-सुपारी असं बांधून गाठोडं उत्तरेकडच्या सुताराच्या घरी गेलं. मी म्हणाले, पश्चिमेला ठेवा आणि सरळ मुंबईला जा. बाबा म्हणाले, "एवढ्या वर्षांचा बेत असा मोडतात का?" आपण निघतोय, हेच मायला पुष्कळ होतं.

मायला सांभाळायला म्हणून मीही सोबत निघाले. भुसावळला गाडी बदलायची होती. लढाईचे दिवस. दिल्लीकडची गाडी आली ती सोजिरांनी भरलेली, दारं आतून लावलेली. दुसरी आली, तिचीही तीच गत. दुपार झाली. हमाल म्हणाला, आज काही खरं नाही. तेवढ्यात समोर मुंबईची गाडी येऊन लागली. डब्यात जागा होती. तिकीट बदलून मिळेल, असं तिकीटबाबूही म्हणाला.

"बाबा, चला, हिच्यातच बसू."

"पस्ताना उत्तरेचा आहे. तो घेऊन पश्चिमेला जायचं? अपशकुन होईल."

"अन् मायचे डोळे चालले, तो काय शकुन हाय?"

आमचं भांडण चालू असताना मायनं डब्याच्या पायरीवर पाय ठेवला होता. कुणाला न विचारता. तसं तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केलं असावं. बाबांनी तिचा दंड धरला आणि तिला खाली उतरवलं. जोरानं नाही, अगदी हळूच, चुकीच्या वर्गात शिरलेल्या पोरीला बाहेर आणावं तसं. ती उतरली. गाडी निघून गेली. संध्याकाळी आम्ही मलकापूरला परत आलो आणि बाबा ज्याला त्याला सांगू लागले, लढाई संपली की निघतोय.

पुढे विचार करकरून मला एवढंच समजलं की बाबा घाबरले होते. वर्गात दिल्ली त्यांच्या मुठीत होती. दिल्लीच्या स्टेशनावर ते रस्ता विचारत फिरणारा एक वऱ्हाडी माणूस झाले असते. मुंबईतही तेच झालं असतं. समजतं मला. पण समजल्यानं राग जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

दिवाळीला मी माहेरी आले. माय ओट्यावर बसून पणत्यांत तेल घालत होती. तेल पणतीशेजारी फरशीवर पडत होतं आणि ती घालतच होती. आम्ही सगळे पाहत उभे राहिलो.

बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, ते मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. बाबा मायसमोर येऊन बसले आणि म्हणाले, "चल, मुंबईला जाऊ. समुद्रावर."

"आता काऊन?"

"तुला दाखवायचा होता ना मला."

"मंग दाखवला काऊन नाही?"

आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. बाबा पायांचा आवाज न करता उठले आणि बाहेर निघून गेले. माय तशीच बसून होती, त्यांच्या जागेकडे तोंड करून, उत्तराची वाट पाहत. ते गेले, हे तिला सांगणं माझ्यानं झालं नाही.