सासूबाईंचं ग्रीक

जर्मनीत झिंडेलफिंगेनला आमच्या घराच्या कोपऱ्यावर एक छोटं ग्रीक रेस्टॉरंट होतं. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, त्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी गेलेला. एका रविवारी दुपारी सासूबाईंना आणि पाच वर्षांच्या लेकीला घेऊन मी तिथे जेवायला गेले. 'आईंना जरा बदल' असं म्हटलं होतं, पण खरं कारण स्वयंपाकाचा कंटाळा. सासूबाई पक्क्या शाकाहारी आणि ग्रीकाकडे शाकाहारी माणसाचे काय हाल होतात हे मला ठाऊक होतं. तरी गेले.

सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि परतीला आठच दिवस उरले होते. निवृत्त मुख्याध्यापिका, त्या व्हरांड्यात दिसल्या की अख्खी शाळा चिडीचूप व्हायची. इथे मात्र सख्ख्या नातीशी गप्पा जमेनात. लेकीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर द्यायची जर्मनमध्ये. वर तिने किंडरगार्टनमध्ये सांगून टाकलं होतं, 'माझ्या आजीला बोलताच येत नाही.' हे मी सासूबाईंना गंमत म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"जायच्या आधी एक वाक्य माझ्याशी मराठीत बोलली ना," त्या म्हणाल्या, "तरी पुष्कळ झालं गं." मला माझ्या आगाऊपणाची लाज वाटली.

तर त्या दुपारी रेस्टॉरंटच्या दारातच त्यांनी मला बजावलं, "ऑर्डर तेवढी तू दे. पुढचं माझं मी बघेन. आजीला बोलता येतं हे हिला दिसू दे. तू मध्ये तोंड घालायचं नाही."

मालक स्वतःच वाढत होता, चाळिशीतला, गोल पोटाचा आणि हसरा. गरम पावाची टोपली पुढे करून त्याने विचारलं, हवा का? शेजारणीकडून शिकलेला एकुलता एक जर्मन शब्द सासूबाईंनी ऐटीत बाहेर काढला, "डांके!" आता डांके म्हणजे आभार हे खरं, पण जर्मनीत कुणी काही देऊ केल्यावर नुसतं डांके म्हटलं की त्याचा अर्थ 'नको' होतो. टोपली परत गेली. मग ऑलिव्ह आले. डांके. तेही गेले. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी ताकीद पाळत होते. थोडी मजाही येत होती, खोटं कशाला बोलू?

शेवटी जेवण आलं. टोमॅटोच्या रश्शात अंगठ्याएवढे पांढरे पावटे. वर बोटभर तेल, मिठाचा पत्ता नाही आणि मध्यभागी चक्क गार. सासूबाईंनी दोन पावटे खाल्ले, वाडगा नापास केला आणि मालकाकडे सरकवत म्हणाल्या, "ने रे बाबा हे, ने."

मालकाचा चेहरा एकदम उजळला. "ने?" त्याने विचारलं.

"ने, ने!"

तो लगबगीने आत गेला आणि दुसरा वाडगा घेऊन आला. सासूबाईंनी दोन्ही वाडगे त्याच्याकडे ढकलले. "अरे, ने म्हणते ना!" आता तिसरा आला, वर चीजही भुरभुरलेलं.

मालक छातीवर हात ठेवून मला जर्मनमध्ये म्हणाला, "तुमच्या सासूबाई ग्रीक बोलतात! आमच्यात 'ने' म्हणजे 'हो'. इतकी वर्षं दुकान चालवतोय, पण माझे पावटे असे हक्काने कुणी मागितले नव्हते!"

मला हसू आवरेना. ताकीद मोडून सासूबाईंना सांगावं की नाही, याचा विचार करेपर्यंत लेक खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली. मालकाचं जर्मन तिला कळलं होतं आणि आजीचं मराठीही. तिने आजीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आजी, ने नाही म्हणायचं. त्याला हो वाटतं. नको म्हण."

मी हसायची थांबले. सासूबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी तिसरा वाडगा हळूच जवळ ओढला आणि त्या बेचव पावट्यांचा एक चमचा तोंडात घातला.

"काय म्हणू? नीट ऐकू नाही आलं गं, पुन्हा सांग."

लेकीने पुन्हा सांगितलं. मग त्यांनी आणखी एकदा विचारलं, आणि आणखी एकदा. कान त्यांचे चांगले तिखट होते.